सातव्या बॅचचे चार उंदीर

द्वारका, नवी दिल्ली
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय कादंबरी,

वरचा 'प्रिय' हा पत्राचा आहे, माझा नाही. शाळेत पत्रलेखन शिकवताना बाईंनी तो हाताला लावून दिला, तो काही सुटत नाही. तू मात्र तुझ्या चिठ्ठीत 'माय डिअरेस्ट मैतू' लिहिलंस आणि खाली लाल पेनाने बदाम काढलास. चार वर्षांत एक फोन नाही आणि एकदम बदाम. पाकीट बाबांच्या हाती पडलं. पाठवणारीचं नाव वाचून त्यांनी ते टीव्हीजवळ ठेवलं आणि संध्याकाळचं फिरून झालेलं असतानाही पुन्हा चपला घालून खाली गेले. तुझं नाव या घरात घेतलं जात नाही. तसं कोणी ठरवलेलं नाही, पण तसं आहे. पाकिटातल्या कागदांबद्दल शेवटाकडे लिहीन. त्याआधी तुला थोडं ऐकून घ्यावं लागेल. इतकी वर्षं तूच बोललीस आणि मी ऐकलं.

गेल्या महिन्यात कोणीतरी तुझ्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला. हिरवी कोसा साडी नेसून तू उभी होतीस आणि मागे पडद्यावर तुझ्या कंपनीचं नाव. लोकांना समजावून सांगत होतीस की जळलेल्या कातडीखालच्या पेशींना वाढायला आधार लागतो, आणि नवी कातडी आली की तो आधार आपोआप विरघळून जायला हवा. मग म्हणालीस, "माझी आजी म्हणायची, हा तर मांडव झाला. लग्न लागलं की काढायचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कादंबरी, ते माझी आई म्हणाली होती. आमच्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, भाकरी थापता थापता. तू तिथेच पाट घेऊन बसली होतीस. कमलाबाई गजघाटे सातवी शिकलेली आहे आणि मी पाच वर्षं काय करत होते ते तिने एका वाक्यात सांगितलं होतं. तेवढं एक वाक्य तरी तिच्याकडे राहू द्यायचं होतंस.

विद्यापीठातल्या त्या लॅबमध्ये मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच. तू फरीदाबादची, वडील कारखान्यात इंजिनिअर, घरी पुण्याचं मराठी. मी इथलीच, पण बाबा भंडाऱ्याकडून मंत्रालयातल्या नोकरीसाठी आलेले. पहिल्या दिवशी तू माझा डबा उघडा बघून म्हणालीस, "अय्या, झुणका!" आणि मला वाटलं, चला, दिल्लीत एक माणूस मिळालं. आपण सेंट्रिफ्यूजच्या घरघरीत सगळ्या लॅबची मराठीत टिंगल करायचो. महिन्याचा स्टायपेंड आला की मेट्रोने मंडी हाऊसला उतरून कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात जेवायला जायचो, आणि तिथला वाढपी तुला 'ताई' आणि मला 'मॅडम' म्हणायचा, त्यावरूनही हसायचो. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्या दिवसांची आठवण मला येत नाही असं तुला वाटू नये. येते, आणि म्हणूनच राग इतका टिकला. परक्या माणसावर एवढा राग कोणी सांभाळत नाही.

कोशाची कल्पना माझी होती, हे तू भाषणात म्हणत नाहीस, पण तुला माहीत आहे. मामा आमच्या गावाकडून पिठाच्या पिशवीत कोसाचे, म्हणजे रानरेशमाचे, कोश भरून घेऊन आला होता. नेहमीचं पांढरं रेशीम ज्या मिठाच्या पाण्यात विरघळतं त्यात कोसा विरघळत नाही, म्हणून त्याच्या वाटेला फारसं कोणी जात नव्हतं. मी आठ महिने घालवले. पहिल्यांदा कोश उकळले तेव्हा वासाने सगळे बाहेर पळाले. तू नाकाला ओढणी बांधून माझ्याजवळ थांबलीस, हेही खरं आहे. शेवटी एका दुसऱ्या द्रावणात तो विरघळला, साच्यात ओतून गोठवून वाळवला, आणि तळहाताएवढी, स्पंजसारखी हलकी पट्टी हातात आली. तिच्यावर कातडीच्या पेशी सोडल्या तर तिसऱ्या दिवशी त्या अशा पसरल्या होत्या की आपल्या गाईड भानुमती मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलंच नाही. मॅडम कधी कोणाचं कौतुक करत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, आता हे प्राण्यांवर बघायचं. पट्ट्या मैत्री करेल, उंदीर कादंबरी बघेल.

त्याच सुमारास तू मला फरीदाबादला घरी नेलंस, गौरी-जेवणाला. तुझ्या आईने प्रेमाने वाढलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाल्या, आणि पुढचा सगळा वेळ त्या माझ्याशी फार हळू आणि फार गोड बोलत राहिल्या, लहान मुलाशी बोलावं तसं. निघताना तू रिक्षापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "आईचं मनावर घेऊ नको हं यार, जुनी माणसं." मी घेतलं नव्हतं. तू म्हणालीस तेव्हा घेतलं. तुला सगळं दिसत होतं आणि तरी तू हसत होतीस, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

आता सातव्या बॅचबद्दल. कोसा ज्या द्रावणात विरघळतो ते विषारी आहे. पट्टी तयार झाली की ती पाच दिवस शुद्ध पाण्यात ठेवायची आणि दर सहा तासांनी पाणी बदलायचं, म्हणजे त्याचा अंश राहत नाही. डिसेंबरात समाधानदादाचं लग्न होतं नागपूरला. गाडीचं तिकीट काढलेलं, उंदरांची तारीख मॅडमनी ठरवलेली. मी सातवी बॅच तीन दिवस धुतली. पाच नाही, तीन. वहीत पाच लिहिलं. पट्ट्या तुझ्या हातात दिल्या आणि लग्नाला गेले. हे वाक्य आजवर मी कोणालाही सांगितलं नव्हतं. तुला सांगायची गरज नव्हती, तू तेव्हाच ओळखलं होतंस.

मी परत आले त्या सकाळी आधी प्राणीगृहात गेले, कारण मला स्वतःलाच राहवत नव्हतं. हरिदासजी पिंजरे धूत होते. ते प्राणीगृहाचे केअरटेकर, तीस वर्षं उंदीर-सशांची उस्तवार केलेला माणूस. मला बघून त्यांनी हात पुसले आणि रजिस्टर उघडून पुढे केलं. कोसा लावलेले बारा उंदीर, त्यातले चार मेले होते. नवव्या दिवशी दोन, दहाव्याला एक, बाराव्याला एक. प्रत्येकापुढे त्यांच्या गोल हिंदी अक्षरात लिहिलं होतं, 'पट्टी के नीचे मवाद.' म्हणजे पू. चारही सातव्या बॅचच्या पट्ट्यांचे. मी मोबाइल काढून त्या पानाचा फोटो घेतला. का घेतला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज सांगते, भीतीने. उद्या हे माझ्यावर आलं तर काहीतरी हाताशी असावं, इतकाच कोता विचार होता.

वर आले तर तू हसत होतीस. म्हणालीस, रिझल्ट मस्त आहे, बारापैकी बाराच्या जखमा भरल्या. मी विचारलं, चार मेले ना. तू दार लावलंस आणि म्हणालीस, "तुझ्यासाठीच केलं, मैतू. मॅडमना कळलं असतं तर तुझं काय झालं असतं?"  आठ जखमांच्या फोटोंतून चार फोटो उलटे-आडवे फिरवून तू बारा केले होतेस. ते एका पानावर मांडायचं काम मला दिलंस, माझ्या कॉम्प्युटरवर. एका जखमेच्या कडेला कानाच्या पाळीसारखा लाल डाग होता. तोच डाग दोन ओळी खाली उलटा दिसत होता. मी तो पाहिला आणि पान पूर्ण करून मॅडमना पाठवलं. शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव तुझं होतं, दुसरं माझं. तू पेढे वाटलेस आणि मी दोन खाल्ले.

दीड वर्षाने इंटरनेटवर कोणा अनोळखी वाचकाने लिहिलं की या निबंधातले दोन फोटो एकच आहेत. फक्त दोनच त्याला सापडले होते. मॅडमचा चेहरा उतरला, विद्यापीठाने तिघांची समिती नेमली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत आपल्याला बोलावलं. पहिली तू बोललीस. फाइल मैत्रीच्या कॉम्प्युटरवर तयार झाली हे सांगितलंस, ते खरंच होतं. माझी मानही हलली. मग अध्यक्षांनी विचारलं, अशी चूक होतेच कशी, आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सर, मैत्री की बेसिक्स शुरू से कमजोर हैं. मैं ही संभालती थी."

  तिघांच्याही चेहऱ्यांवर एकदम समजल्याचं शांतपण आलं, जणू इतका वेळ शोधत होते तो कागद सापडला. एकजण माझी फाइल चाळायला लागले, जातीचं प्रमाणपत्र कुठे आहे ते बघायला. ते त्यात नव्हतं, कारण माझी निवड खुल्या यादीतून झाली होती. माझा नंबर चौथा, तुझा नववा. हे तिथेही मी बोलले नाही. बोललं की वाटतं, राखीव यादीतून आलेल्यांची मला लाज आहे. ती मला नाही. माझे बाबा त्याच यादीतून आले आणि पस्तीस वर्षं त्यांनी लिहिलेल्या टिपणांवर मोठमोठ्यांनी सह्या केल्या.

पण तू त्या दिवशी काय केलंस ते तुला आजही कळलेलं नाही, म्हणून लिहिते. मी त्या खोलीत सगळं सांगायचं ठरवून आले होते. चार उंदीर, तीन दिवस, खोटी वही, सगळं. तुझ्या वाक्यानंतर मला ते सांगता येईना. माझी खरी चूक कबूल केली असती तर ती माझी एकटीची राहिली नसती. माझ्यामागून त्या दारातून येणाऱ्या प्रत्येक पोराच्या नावावर चढली असती. म्हणून मी तुझ्या खोट्याखाली माझं खरं दडपलं. 'विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे छायाचित्रांची अदलाबदल' असा निर्णय झाला. निबंधात दुरुस्ती छापली, निबंध तसाच राहिला. प्राणीगृहाचं रजिस्टर समितीने मागवलंच नाही. निवृत्तीच्या दिवशी हरिदासजींनी मला विचारलं होतं, "बेटी, रजिस्टर तो ऊपर ही पड़ा है. किसी ने मांगा क्यों नहीं?" 

माझी फेलोशिप पुढे वाढवली नाही. कोशाचं प्रकरण प्रबंधातून काढायला लावलं. दोन वर्षं उशिरा, भलत्याच विषयावर पदवी मिळाली, तीही मॅडमनी डोळ्याला डोळा न भिडवता सही केली म्हणून. तू परदेशी गेलीस, परत आलीस, खासगी विद्यापीठात प्राध्यापक झालीस, कंपनी काढलीस. मी फरीदाबादलाच, मलमपट्ट्यांच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. रोज मेट्रो बदलून जाते. माझ्या सहीशिवाय एक बॅच बाहेर पडत नाही आणि धुलाईचे तास मी स्वतः उभी राहून बघते. तिथल्या मुली मला पाठीमागे 'पानीवाली मैडम' म्हणतात. बाबांनी मला एकदाच विचारलं होतं की तुझी खरंच चूक होती का. मी हो म्हणाले. ते म्हणाले, "मग दुसऱ्याची नव्हती असं होत नाही." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

आता तुझे कागद. कोसा पट्टी माणसांवर वापरायची परवानगी तुझ्या कंपनीला हवी आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या जळीत विभागात चाचणी ठरली आहे, पहिल्या टप्प्यात वीस रुग्ण. मूळ शोधात माझं नाव असल्याने माझी संमती लागते, आणि बारापैकी बारा उंदीर बरे झाले या माहितीला माझी सही लागते. जिथे सही करायची तिथे तू पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या आहेस. चिठ्ठीत लिहितेस, 'जुनं सगळं विसरून जाऊ यार, पेशंटचा विचार कर.' मी तो केला. मी त्या जळीत विभागात गेले, गेल्या रविवारी, भेटायच्या वेळेत. स्टोव्ह भडकून भाजलेली एक बाई होती, बिजनौरकडची. नवरा तिला चमच्याने डाळीचं पाणी पाजत होता. मला कंपनीची समजून त्याने हात जोडले आणि विचारलं, ती नवी पट्टी हिला मिळेल का. कादंबरी, ते चार उंदीर मी पट्ट्या कमी धुतल्यामुळे मेले की कोशातच काही दोष आहे, हे तुला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. तो प्रयोग पुन्हा कोणी केलाच नाही, कारण जगाच्या लेखी तो फसलेलाच नाही. आणि तू वीस माणसांच्या उघड्या मांसावर ती पट्टी ठेवायला निघाली आहेस. मी त्या माणसाला म्हणाले, अजून नाही. लिफ्ट न घेता जिना उतरले; राग तुझ्यावरचा होता की माझ्यावरचा, ते सांगता येत नाही.

तुझे कागद सही न करता याच पाकिटात परत पाठवते आहे. गेल्या सोमवारी मी रुग्णालयाच्या नैतिकता समितीला आणि आपल्या विद्यापीठाला सगळं लेखी दिलं आहे. तीन दिवसांची धुलाई, वहीतला खोटा आकडा आणि फोटोंचं पान मी जाणूनबुजून पूर्ण केलं, हे आधी लिहिलं. मग तुझं. माझी पदवी जाऊ शकते, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं आहे. नोकरीही बहुतेक जाईल. चाचणी शुक्रवारी थांबवली आहे. तुला नोटीस उद्या-परवा मिळेल, आणि तिच्यात तक्रार करणाऱ्याचं नाव नसेल. मी नाव घाला म्हटलं होतं, ते म्हणाले नियमात बसत नाही. नोटिशीसोबत रजिस्टरच्या पानाची प्रत बघशील आणि तुझ्या डोक्यात पहिलं नाव येईल ते हरिदासजींचं. निवृत्तीनंतर तूच त्यांना तुझ्या विद्यापीठाच्या प्राणीगृहात लावलंस आणि त्यांचा करार दर सहा महिन्यांनी तुझ्या सहीने वाढतो, हे मला माहीत आहे. त्यांनी मला काहीही दिलेलं नाही, त्यांना यातलं काही ठाऊकही नाही. फोटो माझा आहे, सहा वर्षांपूर्वीचा, आणि त्यावर तारीख आहे. तुझं बोट नेहमी तुझ्याहून दुबळ्या माणसाकडे वळतं, म्हणून एवढं लांबलचक पत्र लिहावं लागलं. त्या म्हाताऱ्याला हात लावू नकोस. ज्याला शोधशील ते नाव मीच खाली लिहून देते आहे.

तुझी तक्रारदार,
मैत्री काशीनाथ गजघाटे